‘स्टेज वन’ केलंय? कंपनीला कळतं बरं का!

रविवारी सकाळी एक्स्प्रेसवेच्या फूड मॉलवर वडापाव खाताना माझा एक मित्र हमखास एक वाक्य टाकायचा, ‘‘रिमॅप केल्यापासून गाडी नुसती पळते यार!’’ टर्बो हॅचबॅक, ड्युअल क्लच गिअरबॉक्स, वॉरंटी शिल्लक आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचं, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बाहेरून बदलून घेतलेलं. ‘‘सर्व्हिसवाल्यांना सापडलं तर?’’ यावर साहेबांचं उत्तर तयार. ‘‘आदल्या दिवशी मूळ फाइल परत टाकायची. कोणाला कळतंय?’’

मागच्या पावसाळ्यात गिअरबॉक्स गेला. आणि कळलं!

तुम्ही नुसतं ऑइल बदलायला गेलात, तर सहसा कोणी ईसीयूत डोकावत नाही. त्यांना गाडी धुऊन संध्याकाळी डिलिव्हरी द्यायची घाई असते. पण क्लेम इंजिनाचा किंवा गिअरबॉक्सचा असला, की पैसे कंपनीच्या खिशातून जातात. मग कंपनी डेटा मागते आणि लॅपटॉप जोडला जातो.

ईसीयूतल्या सॉफ्टवेअरवरून ‘सीव्हीएन’ नावाचा एक आकडा निघतो. फाइलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना! फाइल बदलली की ठसा जुळत नाही. मूळ फाइल परत टाकली की तो जुळेलही, पण बऱ्याच ईसीयूंमध्ये फ्लॅश किती वेळा झालं याचा काउंटर असतो आणि तो मागे फिरत नाही. कंपनीच्या नोंदीत एक आणि गाडीत तीन? संपलं! काउंटर न हलवता काम करणारे ट्यूनर आहेत म्हणा. तरी बिघाड झाला त्या क्षणी बूस्ट किती होता, लोड किती होता, हे फॉल्ट कोडबरोबर साठवलेलं असू शकतं.

फोक्सवॅगन समूहात तर अशा गाडीवर ‘टीडी१’ असा शिक्का बसतो. तो ईसीयूत नाही, तर कंपनीच्या सिस्टीममध्ये चेसिस नंबरासमोर. म्हणजे पुण्यातून नाशिकला गेलात तरी तो तुमच्या आधी पोचलेला. इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर तिथेच पाणी.

अमेरिकेत १९७५चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. नुसता बाहेरचा पार्ट बसवला म्हणून तिथे वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्यामुळेच झाला हे कंपनीनं दाखवावं लागतं. आपल्याकडे ग्राहक आयोगाची पायरी चढा, वॉरंटी बुकातली बारीक अक्षरं हातात घेऊन. आणि खरं सांगायचं तर कंपनीचं म्हणणं दरवेळी खोटं नसतं. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन मीटर. ट्यूननं टॉर्क तिथवर नेला, तर गिअरबॉक्सनं काय करावं?

मित्रानं बिल भरलं, गाडी विकायला काढली. परवा फोन आला, ‘‘घेणाऱ्याला ट्यूनचं सांगू का रे?’’

‘‘सांग,’’ म्हटलं. त्यावर तो बराच वेळ गप्प होता.