तांब्याच्या पट्टीची गाळणी

बिनतारी प्रेषकयंत्रातून इष्ट लहरींबरोबर काही अनिष्ट लहरीही बाहेर पडत असतात. मूळ कंप्रता २.४ गिगाहर्ट्‌झ असल्यास प्रवर्धकात तिच्या दुप्पट व तिप्पट, म्हणजे ४.८ व ७.२ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या लहरीही उत्पन्न होतात. त्या आकाशकापर्यंत पोहोचल्या तर इतरांच्या ग्राहकयंत्रांत व्यत्यय आणतात. म्हणून वाटेत गाळणी बसवावी लागते. ठरावीक मर्यादेखालील कंप्रतांना वाट देणाऱ्या व वरच्यांना अडविणाऱ्या गाळणीस ‘नीचपार गाळणी’ म्हणतात.

या गाळणीचे तत्त्व १९१५ साली जर्मनीत वाग्नर व अमेरिकेत कॅम्पबेल यांनी स्वतंत्रपणे शोधून काढले. तारेचे वेटोळे, म्हणजे प्रवर्तक, शीघ्र कंपनांना विरोध करते. धारित्र त्यांना जमिनीकडे वाट देते. ही दोन्ही आळीपाळीने जोडली की गाळणी तयार होते. परंतु सूक्ष्मतरंगांच्या बाबतीत साधे वेटोळे नीट काम देत नाही, कारण त्याचे वेढेच परस्परांत धारित्रासारखे वागू लागतात.

१९५२ साली अमेरिकेत ग्रीग व एंगेलमान यांनी ‘सूक्ष्मपट्टी’ची माहिती प्रसिद्ध केली. विद्युत्‌रोधक फळीच्या खालच्या अंगास तांब्याचा अखंड पत्रा व वरच्या अंगास तांब्याची पट्टी, एवढीच तिची रचना. पट्टी अरुंद केली की ती प्रवर्तकासारखी वागते, रुंद केली की धारित्रासारखी. म्हणजे अरुंद व रुंद तुकड्यांची एकाआड एक मालिका हीच गाळणी होय.

मात्र तुकड्याची लांबी तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याहून कमी असेल, तोवरच हे साम्य टिकते. २.४ गिगाहर्ट्‌झची तरंगलांबी हवेत १२.५ सेंटिमीटर असते. काचतंतूंच्या नेहमीच्या फळीवर ती सुमारे ७ सेंटिमीटर होते. कंप्रता वाढत जाऊन तुकडा अर्ध्या तरंगलांबीइतका ठरला, की त्याचा अडथळा नाहीसा होतो आणि अडवावयाची लहर निर्वेध निघून जाते. हा या गाळणीचा मुख्य दोष होय.

गाळणी लहान करण्याचे मार्ग अनेक आहेत. पण प्रत्येकाचे मोल द्यावे लागते. ॲल्युमिनाच्या फळीवर तरंगलांबी हवेतल्यापेक्षा सुमारे अडीचपट आखूड होते; परंतु तेथे पट्ट्याही अरुंद कराव्या लागून ऊर्जेचा ऱ्हास वाढतो. अरुंद पट्टी नागमोडी दुमडली तर जागा वाचते. पण शेजारच्या घड्यांचा एकमेकींवर परिणाम होतो. पट्टीला पाव तरंगलांबीची, टोकाशी मोकळी शाखा जोडल्यास त्या कंप्रतेची लहर जवळजवळ पूर्ण अडते. खालच्या पत्र्यात खाच पाडल्यास प्रवाहाचा मार्ग लांबतो व प्रवर्तकत्व वाढते. परंतु खाचेतून काही ऊर्जा बाहेर निसटते.

तेव्हा गाळणीची परीक्षा केवळ २.४ गिगाहर्ट्‌झला करून भागत नाही. ४.८ व ७.२ गिगाहर्ट्‌झलाही ती लहरी अडविते की नाही, हे मोजून पाहावे लागते. आकार आटोपशीर झाला, पण अनिष्ट लहरी सुटल्या, तर तो आटोपशीरपणा व्यर्थ होय.