हरताळ फासून सोमल जात नाही

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार मी दर वर्षी वर्गात समजावून देतो. जुने लेखनिक पोथीतला चुकलेला मजकूर पिवळ्या हरताळाने झाकीत आणि वर शुद्ध अक्षर लिहीत. पण हा हरताळ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे खनिज, सोमलाचा सख्खा भाऊच, हे मला यंदा पुतणीकडून कळले! ती रसायनशास्त्र शिकते.

निमित्त झाले आमच्या स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे. त्यातल्या निळसर दिव्याकडे बोट दाखवून मी ऐटीत म्हणालो, “या जंबुपार किरणांपुढे कोणतेही विष टिकायचे नाही.”

ती हसली. “काका, जंतू मरतील. आर्सेनिक हे मूलद्रव्य. ते कसे मरेल?”

मग तिने जी हकीकत सांगितली, ती ऐकता ऐकता माझा चहा निवून गेला. अमेरिकेत १९४४ साली कोंबड्यांच्या खाद्यात रॉक्सारसोन नावाचे आर्सेनिकयुक्त औषध घालण्यास परवानगी मिळाली. त्याने रक्ती हगवण आटोक्यात राही आणि पक्ष्यांचे वजन झपाट्याने वाढे. औषधाचा बहुतेक भाग मात्र विष्ठेतून जसाच्या तसा बाहेर पडे. खतातून मातीत आणि सांडपाण्यात जाई. त्या रूपात ते फारसे जहाल नसते. पण खतातले जीवाणू त्याचे असेंद्रिय, म्हणजे खऱ्या विषारी आर्सेनिकात रूपांतर करतात. २०११ साली हे औषध दिलेल्या कोंबड्यांच्या यकृतातही असेंद्रिय आर्सेनिक अधिक आढळले. विक्री थांबली, आणि २०१३ मध्ये परवानगीही रद्द झाली. पुढे चीननेही बंदी घातली.

“मग सांडपाण्यावर हे किरण सोडले तर?” मी विचारले.

“रेणू तुटतो,” ती म्हणाली. “कर्ब आणि आर्सेनिक यांची गाठ सुटते. पण सुटलेले आर्सेनिक पाण्यातच राहते, आणि पहिल्यापेक्षा जास्त विषारी होऊन!”

म्हणून संशोधक किरणांच्या जोडीला हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे द्रव्य घालतात. त्याने आर्सेनिकचे अधिक जहाल रूप बदलून त्यातल्या त्यात सौम्य, पकडायला सोपे असे रूप बनते. मग लोहाचा गाळ त्याला चिकटवून घेतो आणि तो गाळ वेगळा काढावा लागतो. पाणी गढूळ असेल तर किरण आत शिरतच नाहीत, ही आणखी एक अडचण. प्रकाश फक्त गाठ सोडतो. पकडण्याचे काम लोखंडच करते.

“आणि आपला दिवा?” आतून सौ.नी काळजीने विचारले.

“काकू, त्याने आर्सेनिक जात नाही, उकळूनही जात नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची शंका असेल, तर ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा.”

दुसऱ्याच दिवशी सौ.नी बोअरच्या पाण्याची बाटली भरून माझ्या हाती ठेवली. आता वर्गात तो वाक्प्रचार आला, की मी एक वाक्य जास्त सांगतो: हरताळाखालचा मजकूर पुसला जात नाही, नुसता झाकला जातो, शिवाय वर नवे विष बसते, ते वेगळेच!