विश्लेषण : प्रकाशाच्या पट्ट्याने जखम भरते का?

चपलेत अडकलेला खडा कांदिवलीहून चर्चगेटपर्यंत टोचत राहतो; पण मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्याला तो जाणवतही नाही. जखम दिसते ती घरी आल्यावर. ती आठवडे उलटूनही भरली नाही, की लाल दिव्यांच्या पट्ट्याची जाहिरात खुणावू लागते. हा पट्टा नेमके काय करतो?

उपकरण काय आहे?
पट्ट्यात छोटे एलईडी दिवे असतात. त्यांतून साधारण ६३० ते ६७० नॅनोमीटरचा लाल आणि ८०० ते ८५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश त्वचेवर पडतो. या उपचाराला ‘फोटोबायोमॉड्युलेशन’ म्हणतात.

जखमेवर परिणाम कसा होतो?
पेशीतील ऊर्जानिर्मितीशी संबंधित ‘सायटोक्रोम सी ऑक्सिडेज’ हे विकर हा प्रकाश शोषते, असे मानले जाते. त्यामुळे पेशींना जादा ऊर्जा मिळते आणि त्वचा सांधणारे कोलॅजन तयार होण्यास चालना मिळते. मात्र मात्रा महत्त्वाची. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर परिणाम उलटा होऊ शकतो.

कल्पना कुठून आली?
बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी १९६७ मध्ये उंदरांवर लेझर सोडला, तेव्हा भादरलेले केस लवकर उगवले. पुढे त्यांनी जखमांवर प्रयोग केले. अंतराळात रोपे वाढवण्यासाठी विकसित झालेले एलईडी नंतर ‘नासा’च्या मदतीने जखमांवर वापरून पाहण्यात आले.

पुरावा किती?
कर्करोगाच्या काही उपचारांत तोंडात होणारे व्रण टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत या उपचाराची शिफारस आहे. मधुमेही पायावरील अभ्यास मात्र बहुतांश छोटे आहेत आणि प्रत्येकात प्रकाशाची मात्रा वेगळी. त्यामुळे हा फार तर पूरक उपचार ठरतो.

धोका कशात?
धोका वाया जाणाऱ्या दिवसांत आहे. पट्टा साखर आटोक्यात आणत नाही, बंद रक्तवाहिनी उघडत नाही, मृत ऊती काढत नाही की जखमेवरचा भार हलका करत नाही. ही कामे वेळेत झाली नाहीत, तर बोट किंवा पाय गमावण्याची वेळ येऊ शकते.

मग काय करावे?
मधुमेह असेल तर पायाची जखम लहान असली तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. पू, दुर्गंधी, काळेपणा, वाढती सूज किंवा ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कांदिवली पश्चिमेला महापालिकेचे शताब्दी रुग्णालय आहे. पट्टा घ्यायचाच, तर डॉक्टरांना विचारून आणि वेष्टनावरचा परवाना क्रमांक तपासून. आणि रोज रात्री तळपाय आरशात पाहा. त्याला खर्च नाही.