टाच उचलायची की टेकवायची?

‘मुलगा तीन वर्षं कराटे शिकला, आता बॉक्सिंगला जातो. कराटेचे सर ओरडायचे, मागची टाच टेकव; बॉक्सिंगचे सर ओरडतात, टाच उचल. खरं कोणाचं?’ असं एका आईने विचारलंय.

दोघांचंही खरं, कारण दोन्हींत जोर वेगळ्या ठिकाणाहून येतो. कराटेतली मूठ कमरेपासून निघते, तळवा वर असतो आणि शेवटच्या वितीत तो खाली वळतो. दुसरी मूठ त्याच क्षणी कमरेशी खेचली जाते. बॉक्सिंगमध्ये असं केलं तर जबडा उघडा पडेल, म्हणून दुसरा हात गालाशीच ठेवायचा. मग जोर येतो मागच्या चवड्यावरून. टाच उचलून बाहेर वळते आणि तिच्यापाठोपाठ गुडघा, कंबर, खांदा. सोव्हिएत संशोधकांनी 1985 साली 120 बॉक्सरांचे ठोसे मोजून दाखवले होते. मुरलेल्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे 38 टक्के, हाताचा 24. नवख्यांच्या ठोशात पाय 17 आणि हात 38! तेव्हा तुमचा मुलगा दंड फुगवून मारत असेल, तर नुसतं त्याच्या टाचेकडे बघा.

कराटेचं भौतिकशास्त्र मांडणाऱ्यांतलं एक नाव मला फार जवळचं आहे. रोनाल्ड मॅकनेअर. आपल्याला ते आठवतात 28 जानेवारी 1986 रोजी ‘चॅलेंजर’बरोबर गेलेले अंतराळवीर म्हणून. पण एमआयटीतून लेझरवर डॉक्टरेट केलेला हा माणूस कराटेत पाचव्या डानचा ब्लॅक बेल्ट होता (सॅक्सोफोनही वाजवायचा!). मायकेल फेल्ड आणि स्टीफन विल्क यांच्याबरोबर त्यांनी एप्रिल 1979च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये कराटेवर लेख लिहिला. त्यातली युक्ती अशी: लुकलुकत्या स्ट्रोब दिव्यात फोटो काढले की एकाच चित्रात मूठ ठिकठिकाणी उमटते. दोन ठशांमधलं अंतर वाढलं की समजायचं, वेग वाढला. हात पुरता ताणला जाण्याआधीच, साधारण पाऊण लांबीवर, मूठ सर्वात वेगात असते. त्यापुढे ती मंदावते. म्हणूनच कराटेचे सर सांगतात, फळीवर नको, फळीच्या पलीकडे मार. बॉक्सिंगच्या बॅगेलाही हेच लागू.

टीव्हीवर ‘अमक्याचा ठोसा इतक्या किलोंचा’ असं सांगतात, त्यावर विसंबू नका. टक्कर किती वेळ टिकली, यावर तो आकडा ठरतो. ग्लोव्हची गादी तो वेळ लांबवते आणि हाताची हाडं वाचवते. समोरच्याच्या डोक्याला बसणारा हिसका मात्र उरतोच.

आणि घरी मुलाला भिंतीवर ठोसे मारू देऊ नका. करंगळीमागचं हाड तिथेच मोडतं. तर्जनी आणि मधल्या बोटाचे सांधे मनगटाच्या रेषेत येतात का, ते मात्र रोज पाहा.