मोटारगाडीतील ध्वनिरोधन

मोटारगाडी चालत असताना तिच्या प्रवासी कक्षात ऐकू येणारा नकोसा आवाज कमी करण्याच्या उपायांना आणि त्यांसाठी वापरण्यात येणाऱ्या द्रव्यांच्या योजनेला मोटारगाडीतील ध्वनिरोधन म्हणतात. एंजिन, टायर व रस्ता यांचे घर्षण, वारा आणि गाडीतील सैल भाग हे या आवाजाचे प्रमुख उगम होत. ‘ध्वनिरोधक’ या एकाच नावाने बाजारात मिळणारी द्रव्ये प्रत्यक्षात निरनिराळी कामे करतात : काही पत्र्याचे कंपन थोपवितात, काही हवेतील ध्वनी शोषून घेतात, तर काही केवळ आपल्या वजनाने त्याची वाट अडवितात. एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही. महागड्या द्रव्यांचे थर देऊनही गाडी पूर्वीइतकीच गोंगाट करते, याचे कारण बहुधा हेच असते.

लोखंडी धावेच्या चाकांऐवजी हवा भरलेले रबरी टायर आले (जॉन बॉइड डनलॉप, १८८८) आणि रस्त्याचे धक्के पुष्कळ सौम्य झाले. सुरुवातीच्या मोटारी बहुतेक उघड्याच असल्याने आतील आवाजाचा प्रश्न वेगळा असा उपस्थित झाला नव्हता. १९२० नंतरच्या दशकात बंद बॉडीच्या गाड्या रूढ झाल्या आणि लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या बॉडीची जागा हळूहळू संपूर्ण पोलादी बॉडीने घेतली. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३५ च्या आपल्या गाड्यांना अखंड पोलादी छतही दिले. लाकडी सांध्यांची कुरकुर गेली. पण मोठा, पातळ व अखंड पत्रा ढोलाच्या कातड्याप्रमाणे घुमू लागतो, ही नवी अडचण त्याबरोबर आली. पत्र्याला चिकटविलेल्या थरामुळे त्याचे कंपन कसे मंदावते, याचे शास्त्रीय विवेचन हेर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये जर्मनीत केले, तर दोन कठीण थरांमध्ये दाबून बसविलेल्या मऊ थराचे गणित एडवर्ड कर्विन यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत मांडले. आज वापरात असलेली कंपनरोधक द्रव्ये याच दोन तत्त्वांवर आधारलेली आहेत.

आवाजाच्या वाटा : आवाज कक्षात दोन वाटांनी शिरतो. एक वाट हवेची : फटींतून किंवा काच, पत्रा यांना भेदून. दुसरी धातूची : चाक, स्प्रिंगा, एंजिनाचे आधार यांच्यातून कंपन बॉडीत उतरते व तेथील पत्रा ध्वनिक्षेपकाच्या पडद्याप्रमाणे आत आवाज सोडतो. ढोबळ मानाने सु. ५०० हर्ट्‌झ (दर सेकंदास होणारी कंपने) कंप्रतेच्या खालचा आवाज मुख्यत्वे धातूच्या व त्याच्या वरचा हवेच्या वाटेने येतो.

चार सिलिंडरांच्या चार-धावी एंजिनात प्रत्येक फेऱ्यास दोन स्फोट होतात. म्हणजे मिनिटास २,२५० फेऱ्यांना दर सेकंदास ७५ स्फोट. प्रवासी कक्षाची लांबी सु. २·३ मी. धरल्यास कक्षातील हवेची पहिली नैसर्गिक कंप्रताही सु. ७५ हर्ट्‌झ येते. दोन्ही जुळल्या की अनुस्पंदन होऊन गाडी घुमते आणि कानांवर दाब आल्यासारखे वाटते. वेग थोडा बदलताच घुमणे थांबते. टायरच्या आतील हवेच्या कड्याचा सरासरी घेर सु. १·६ मी. असेल, तर ते कडे सु. २१५ हर्ट्‌झला अनुस्पंदित होते. खड्ड्यावरून किंवा सांध्यावरून जाताना येणारा पोकळ ‘टुंग’ असा आवाज त्याचाच असतो. ताशी सु. ५० किमी.पेक्षा अधिक स्थिर वेगाने जाणाऱ्या गाडीत एंजिनापेक्षा टायरचा आवाज वरचढ ठरतो. वेग दुप्पट झाल्यास तो सु. ९ ते १२ डेसिबेलनी वाढतो, तर वाऱ्याचा सु. १८ डेसिबेलनी, म्हणून अतिवेगात वाऱ्याची सरशी होते.

डेसिबेलांची बेरीज साध्या संख्यांसारखी होत नाही, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. टायरचा ७० व वाऱ्याचा ६० डेसिबेल आवाज एकत्र येत असता वाऱ्याचा आवाज पूर्णपणे नाहीसा केला, तरी एकूण पातळी जेमतेम ०·४ डेसिबेलने घटते. कानाला हा फरक कळतही नाही. सर्वांत मोठा उगम आधी शोधावा, हा नियम यातूनच निघतो. त्यासाठी उपकरणांची गरज असतेच असे नाही. एकाच वेगाला गिअर बदलल्यावर आवाजाची पट्टी बदलली, तर तो एंजिनाचा. काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर येताच तो एकदम उतरला, तर टायरचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यांवर हा आवाज विशेष जाणवतो. दारांच्या व काचांच्या फटींवर तात्पुरती कागदी चिकटपट्टी लावल्यावर तो कमी झाला, तर वाऱ्याचा.

खडखडाट व कुरकुर : मराठीत या आवाजांना वेगवेगळे शब्द आहेत आणि यांत्रिकीच्या दृष्टीनेही तो भेद बरोबर आहे. दोन भागांमध्ये फट असून ते एकमेकांवर आदळतात, तेव्हा खडखड होते; दोन भाग दाबाने एकमेकांस चिकटून असतात व क्षणोक्षणी अडकत-घसरत राहतात, तेव्हा कुरकुर होते. बिजागरीचे करकरणे व सारंगीच्या तारेचे वाजणे याच अडक-घसर क्रियेमुळे घडते. खडखडीवर फट बुजविणे किंवा भाग घट्ट करणे आणि कुरकुरीवर दोन पृष्ठभाग अलग करणे किंवा त्यांत वंगण घालणे, हे उपाय आहेत. यांपैकी कोणताही आवाज पत्र्यावर थर चिकटवून जात नाही. उलट टायरचा व वाऱ्याचा आवाज कमी झाल्यावर, पूर्वी त्यात बुडून गेलेली खडखड स्पष्ट ऐकू येऊ लागते. त्यामुळे ध्वनिरोधनाच्या कामात सैल भागांचा बंदोबस्त प्रथम करणे इष्ट असते.

खडखडीची जागा शोधणे हे कष्टाचे काम आहे, कारण ध्वनी धातूतून लांबवर जातो व भलतीकडेच ऐकू येतो. खडबडीत रस्त्यावर गाडी सावकाश चालवून शेजारी बसलेल्या व्यक्तीने डॅशबोर्ड, दाराचे अस्तर, काचा व सीटचे सांधे एकेक करून हाताने दाबून पाहावेत. चालकाने हे काम करू नये. नंबरप्लेट, डिकीतील जॅक व जादा चाक, सीटपट्ट्याचे बक्कल, दाराच्या खणातील सुट्टी नाणी अशा क्षुल्लक गोष्टी पुष्कळदा कारण ठरतात. तारांचे जुडगे कापडी पट्टीने बांधणे, प्लॅस्टिकच्या तुटलेल्या क्लिपा बदलणे, सांध्यात नमद्याची पातळ पट्टी बसविणे हे साधे उपाय पुरेसे होतात. बसच्या सरकत्या काचांच्या खाचांतील झिजलेली अस्तरपट्टी बदलली, तर निम्मा खडखडाट थांबतो. दाराच्या रबरी बीडिंगला सिलिकोनचे वंगण लावावे. खनिज तेलाने किंवा ग्रीसने रबर फुगते.

गाडीच्या खालून, विशेषतः खड्ड्यातून जाताना किंवा वळताना येणारी ठकठक मात्र निराळ्या जातीची असते. झिजलेले बुश, सैल झालेला बॉल जॉइंट किंवा शॉक ॲब्सॉर्बरचा ढिला आधार तिच्या मुळाशी असू शकतो आणि बॉल जॉइंट निखळल्यास चाकावरील नियंत्रण सुटते. अशा आवाजावर थर चढविणे म्हणजे धोक्याची सूचनाच बंद करणे होय. तेथे दुरुस्ती हाच एक मार्ग आहे.

अवमंदन : कंपनाच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करून ते लवकर विरविण्याच्या क्रियेस अवमंदन म्हणतात. मोटारगाडीचा पत्रा सु. ०·७ ते ०·८ मिमी. जाडीचा असतो व त्याचे स्वतःचे अवमंदन नगण्य असते. बोटाच्या पेराने ठोकल्यास उघडा पत्रा टणटणतो, तर अवमंदित पत्रा बद्द वाजतो. ही कसोटी साधी असूनही विश्वसनीय आहे. जुन्या पद्धतीत डांबरमिश्रित जाड थर पत्र्यावर तापवून बसवीत. पत्रा वाकताना हा थर ताणला व दाबला जातो आणि ऊर्जा खर्च होते. येथे जाडी महत्त्वाची असल्याने वजन वाढते. नव्या पद्धतीत ब्युटिल रबरासारख्या चिकट व लवचिक थरावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. गाडीचा पत्रा वाकू लागला की वरचा ॲल्युमिनियमचा थर त्याच्याबरोबर ताणला जाण्यास विरोध करतो आणि मधल्या रबराचे कर्तन होते, म्हणजे त्याचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. या सरकण्यात ऊर्जा अधिक जिरते. कमी वजनात अधिक गुण येतो तो यामुळेच. ब्युटिल रबराचा शोध अमेरिकेत १९३७ मध्ये लागला.

हे द्रव्य सर्वत्र लावण्याची आवश्यकता नसते. पत्रा कडांना वाकवून मुळातच ताठ केलेला असतो. मोठे कंपन त्याच्या मध्यभागी होते. मध्यभागाचा सु. एक-चतुर्थांश ते अर्धा भाग आच्छादला, तरी बहुतेक लाभ मिळतो. त्यापुढील खर्च वजन वाढवितो, गुण फारसा वाढवीत नाही. पृष्ठभाग तेल व धूळ यांपासून मुक्त असणे आणि थर रूळ फिरवून घट्ट दाबणे मात्र अत्यावश्यक आहे. खाली हवेचे बुडबुडे राहिल्यास कर्तन घडत नाही व सारा खटाटोप व्यर्थ जातो.

अडथळा व गळती : हवेतून येणारा ध्वनी अडविण्यास वजन लागते. एका चौ. मी. पृष्ठाचे वजन दुप्पट केल्यास त्यातून पार जाणारा ध्वनी तत्त्वतः सु. ६ डेसिबेलनी कमी होतो. प्रत्यक्षात थोडा कमीच. ०·८ मिमी. पोलादी पत्र्याचे वजन दर चौ. मी.ला सु. ६·३ किग्रॅ. भरते. त्यावर ५ किग्रॅ.चा जड पीव्हीसीचा थर घातल्यास लाभ सु. ५ डेसिबेलचा होतो. या थरात वजनासाठी बराइट या खनिजाची पूड मिसळतात. आंध्र प्रदेशातील मंगमपेटा येथे या खनिजाचे मोठे निक्षेप आहेत. हा थर सरळ पत्र्याला न चिकटविता मध्ये फोमाची किंवा नमद्याची गादी ठेवल्यास दोन स्वतंत्र भिंती उभ्या राहिल्याचा परिणाम मिळतो व रोधन बरेच वाढते.

परंतु एकूण क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाइतके भोक उघडे राहिले, तर भिंत कितीही जड असली, तरी रोधन सु. २० डेसिबेलपलीकडे जाऊ शकत नाही. एंजिनाकडील आडव्या पत्र्यातून तारा व स्टिअरिंगचा दांडा जातो तेथील फाटकी रबरी कडी आणि दारांची चपटी झालेली बीडिंग बदलणे हे म्हणूनच सर्वांत स्वस्त व अनेकदा सर्वांत गुणकारी ध्वनिरोधन ठरते.

शोषण : नमदा, काचतंतू, उघड्या छिद्रांचा फोम यांच्या सूक्ष्म मार्गांतून हवा पुढे-मागे होताना घर्षणाने ध्वनी जिरतो. थराची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळ आली, की शोषण चांगले होते. १,००० हर्ट्‌झच्या ध्वनीसाठी ही लांबी सु. ८·६ सेंमी., तर १०० हर्ट्‌झसाठी सु. ८६ सेंमी. असते. छताखालील दोन-तीन सेंमी.चा नमदा वाऱ्याची शीळ मवाळ करतो. पण कक्षाचे घुमणे त्याने हटत नाही. बंद छिद्रांचा फोम उष्णता अडवितो व पाणी धरत नाही, तथापि ध्वनिशोषक म्हणून तो फारसा उपयोगी नाही. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून केलेला स्वस्त नमदा गुणाने पुष्कळ महाग द्रव्यांच्या बरोबरीचा असतो.

धोके व मर्यादा : दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निचरण्यासाठी भोके ठेवलेली असतात. ती थराखाली बुजल्यास किंवा दारात पाणी धरणारा फोम घातल्यास पत्रा आतून गंजतो. कोकणासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात हे थोड्याच वर्षांत घडू शकते. उन्हात उभ्या गाडीचे काळे छत ७०° से.हून अधिक तापते; त्या तापमानाला हलक्या प्रतीचे डांबरी थर मऊ पडतात, वास सोडतात व गळून येतात. घरगुती गादीचा फोम सहज पेट घेतो. अमेरिकेत १९७२ पासून अमलात असलेल्या नियमानुसार गाडीच्या आतील द्रव्य मिनिटास १०२ मिमी.पेक्षा जलद जळता कामा नये. भारतातही यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. एअरबॅग जेथून उघडतात, त्या खांबांवर व कडांवर कोणतेही द्रव्य लावणे धोक्याचे आहे. ५ चौ. मी. क्षेत्रावर जड पीव्हीसी व ब्युटिल असे दोन्ही थर दिल्यास सु. ४५ किग्रॅ. वजन वाढते आणि इंधनही त्या प्रमाणात अधिक लागते. शिवाय रुग्णवाहिकेचा भोंगा व मागील गाडीचा हॉर्न ऐकू येणे सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याने बाहेरचा सर्व आवाज बंद करणे हे ध्वनिरोधनाचे उद्दिष्ट असू शकत नाही.

आवाज उगमाशीच कमी करण्याकडे उत्पादकांचा कल आहे. टायरच्या आतील बाजूस पॉलियुरेथेन फोमाचे कडे चिकटवून हवेचे अनुस्पंदन दडपतात. ध्वनीविरुद्ध उलट्या कलेचा ध्वनी सोडून तो नष्ट करण्याच्या कल्पनेचे अमेरिकन पेटंट पाउल ल्यूग यांना १९३६ मध्ये मिळाले होते. मात्र मोटारगाडीत ती व्यवहार्य होण्यास जलद संगणकीय मंडले यावी लागली. हा उपाय कमी कंप्रतेच्या घुमण्यावर, म्हणजे नमदा जेथे निरुपयोगी ठरतो नेमका तेथे, परिणामकारक असतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) या संस्थेत वाहनांच्या ध्वनी व कंपनांच्या चाचण्या घेतल्या जातात. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत एंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा गुणगुणाट व डॅशबोर्डची बारीक खुळखुळ अधिक खटकते. बाहेरच्या पादचाऱ्यांना मात्र अशी गाडी ऐकूच येत नाही. यास्तव ताशी २० किमी.पर्यंतच्या वेगात तिने कृत्रिम आवाज करावा, अशी तरतूद संयुक्त राष्ट्रांच्या २०१६ च्या विनियमात करण्यात आली.