क्रोमिअमने विचारलेला प्रश्न

अकरावीच्या वर्गात एका मुलीने क्रोमिअमचे इलेक्ट्रॉन संरूपण अगदी नियमाप्रमाणे लिहिले आणि मी ते चूक दिले. "सर, मग नियम कशाला शिकवलात?" तिने विचारले.

प्रश्न रास्त होता. क्रोमिअमचे इलेक्ट्रॉन २४. त्यांतले १८ आरगॉनप्रमाणे बसतात. उरलेल्या ६ पैकी नियमाने २ '४एस'मध्ये आणि ४ '३डी'मध्ये हवेत. प्रत्यक्षात १ आणि ५ असतात. तांब्यातही २ आणि ९ ऐवजी १ आणि १०. "अर्धे किंवा पूर्ण भरलेले उपकवच अधिक स्थिर," मी नेहमीचे उत्तर दिले.

तिने भिंतीवरच्या आवर्त सारणीकडे बोट दाखवले. "मग टंगस्टन?" क्रोमिअमच्याच गणातल्या टंगस्टनमध्ये '६एस'ला २ आणि '५डी'ला ४ च! माझे उत्तर लंगडे पडले.

'४एस' आणि '३डी' यांच्या ऊर्जांत फरक थोडाच असतो. एकाच कक्षिकेत दोन इलेक्ट्रॉन कोंबले की त्यांचे प्रतिकर्षण वाढते. निरनिराळ्या कक्षिकांत, एकाच दिशेच्या फिरकीने राहिले की ते कमी होते. साऱ्या अणूची ऊर्जा जिथे सर्वांत कमी, ती मांडणी टिकते. टंगस्टनच्या केंद्रकात ७४ प्रोटॉन. त्यांच्या ओढीने केंद्रकाजवळ इलेक्ट्रॉनांचा वेग इतका वाढतो, की सापेक्षतेच्या परिणामामुळे '६एस' आकसते आणि तिची ऊर्जा घटते. म्हणून दोघेही तिथेच राहतात.

पुढच्या तासाला मी वर्गाला सांगितले, "कालचे माझे उत्तर अपुरे होते." गुण मात्र बदलले नाहीत. तिनेही मागितले नाहीत.