शरदातली शिवारफेरी

पितृपंधरवडा सुरू झाला की पावसाचा जोर ओसरू लागतो. पाणंदीतला चिखल वाळतो, ओढ्याचे पाणी निवळते. चार महिने ‘पाऊस आहे’ म्हणून घरात बसलेल्यांनी फिरायला बाहेर पडण्याची हीच वेळ होय.

सकाळी सहाच्या सुमारास गावाबाहेर पडून पाहावे. बांधावर तेरडा आणि कुर्डू फुललेले असतात, गवतावर दव असते. ओढ्याकाठी उत्तरेकडून नुकताच आलेला धोबी पक्षी शेपटी वरखाली करीत हिंडताना दिसतो. हे पाहात चालले की अर्धा तास कसा सरला ते कळत नाही. चालण्यात गोडी वाटली तरच सवय टिकते, आणि फायदा सवयीचाच असतो.

प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. सवय नसेल तर १० मिनिटांपासून सुरुवात करावी. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते आणि रात्री झोप चांगली लागते.

मात्र हा ऋतू फसवाही आहे. जुन्या वैद्यकात शरदाला वैद्यांची आई म्हटले आहे, ते उगीच नव्हे. मोसमी वारे माघारी फिरतात, आकाश निरभ्र होते आणि ओल्या जमिनीवर ऊन तापते. म्हणून आठ-साडेआठच्या आत घरी परतावे. निघताना पाणी प्यावे.

वाढलेल्या गवतात साप असतात. मळलेली वाट सोडू नये, अंधारात बॅटरी व काठी जवळ ठेवावी. सर्पदंश झालाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. तो अवयव न हलवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे. झुडपांतील बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस हा ताप येतो. शिवारात फिरल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला, विशेषतः अंगावर काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाल्यास हा आजार बरा होतो.

मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते. काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येते. घरी आल्यावर तळवे व बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी खिशात थोडी साखर ठेवावी.

चालताना छातीत दाटून आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून पुढे चालू नये. तिथेच थांबावे, मदत मागावी. यासाठीच शक्यतो एकट्याने जाऊ नये. सोबतीला शेजारी असला म्हणजे गप्पाही होतात आणि आळसाला सबब उरत नाही.